चाचांची पाठ

चाचांचा चेहरा मला नीट आठवत नाही. पाठ आठवते. खाकी कोटाची पाठ, दोन खांद्यांच्या मधोमध शिवण उसवलेली, आणि त्या फटीतून आतला पांढरा सदरा दिसणारा. बुलढाण्याच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाशी एक लोखंडी स्टूल असे. त्यावर चाचा रस्त्याकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून बसत. चौकीदाराने रस्त्याकडेच पाहायचं असतं, त्यात काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. पण चाचा आमच्याशी बोलतानाही वळत नसत. आम्ही मागून हाक मारायची आणि त्यांनी समोरच्या रस्त्याला उत्तर द्यायचं. नवी आलेली मुलगी पहिल्या दिवशी हमखास गोंधळे. म्हातारा समोरच्या बाभळीशी बोलतो आहे असं तिला वाटे.

एकदा मीच विचारलं, "चाचा, तुम्ही आमच्याकडे बघत का नाही?" मला वाटलं होतं, रेक्टरबाईंचा नियम असेल. बाईंचे नियम पुष्कळ होते, त्यात पुरुष नोकराने ओट्याची पायरी चढायची नाही हाही होता. पण चाचा बाभळीला म्हणाले, "परायाच्या पोरी हायेत तुमी. वले केस सोडून ओट्यावर बसता आलं पाह्यजे तुमाले. म्या पाहत बसलो त मंग हे घर कायचं?"

डोळे त्यांनी असे बाजूला ठेवलेले, म्हणून सगळा कारभार कानांवर होता. आम्ही बावीसजणी होतो आणि चाचा आम्हाला खोकल्यावरून ओळखत. खरंच सांगते. आत कुणी ठसकलं की फाटकावरून आवाज येई, "जानेफळवाली, थंडं पानी पेली ना तू?" आणि जानेफळवाली रिकामा पेला हातात घेऊन तोंडाचा आ करून उभी. नावं त्यांनी कुणाची पाठ केली नाहीत. गाव आणि खोकला एवढ्यावर त्यांचं भागे. लोणारवाली नेहमी दोनदा खोके, तीनदा कधीच नाही. जानेफळवालीचा खोकला कोरडा, सुपात हरभरे पाखडल्यासारखा. माझा कसा, तर "भाषनाच्या आंधी मंत्री खोकते तसा. काही निघत नाही त्याच्यातून, पन लोकं चूप बसतात."

हे कान त्यांना घोडीने दिले होते. चौकीदार होण्याआधी गावात त्यांचा टांगा होता आणि शहजादी नावाची पांढरी घोडी होती. ती छातीच्या दुखण्याने गेली. चाचांनी टांगा मोडला आणि कॉलेजचा खाकी कोट अंगावर घेतला. शहजादीबद्दल ते असं बोलत की नव्या मुलीला वाटे, यांची मुलगीच गेली. "जनावर बोलत नाही, पोरी. ते खोकते. ज्याले खोकला समजला त्याले जनावर समजलं. मानसाचं उलटं हाये. मानूस बोलते, अन् मंग काहीच समजत नाही." कुणी तब्येतीची तक्रार घेऊन फाटकाशी गेलं की ते हात वर करून थांबवत, "बोलू नको. खोकून दाखव."

आता त्या काळातली मी तुमच्यासमोर उभी करते. हसायचं असेल तर मोकळेपणाने हसा, मीही हसते. गाव देऊळगाव राजा. महाराष्ट्र राज्य होऊन आठ-नऊ वर्षं झालेली. मॅट्रिकच्या आधी दोन वर्षं, फक्त दोन, मी पुण्याला मावशीकडे शिकायला राहिले होते आणि तिथून एक नाक घेऊन परत आले होते. ते मी इतकं वर धरून चालायचे की कॉलेजच्या चढावर दोनदा ठेचकाळून पडले. मैत्रिणी "चा पेतं का वं?" म्हणाल्या की मी म्हणायची, "चहा घेईन थोडा." घरी गेले की आई माझ्या तोंडाकडे बघत राही, तिला वाटे पोरीच्या दाताला काही झालं. चाचांनी या बाईसाहेबांचं नाव ठेवलं, 'पुनेवाली'. मला ते फार आवडलं. थट्टा कळायला मला वर्ष लागलं.

चाचांची भाषा सुधारायची असं मी मनावर घेतलं होतं. घरी ते उर्दू बोलत, आमच्याशी वऱ्हाडी. मी मागे उभी राहून त्यांच्या पाठीला व्याकरण शिकवी. "चाचा, 'मले' नाही, 'मला'. 'तुले' नाही, 'तुला'." ते दोन-चार दिवस ऐकून घेत. मग एकदा म्हणाले, "तुला म्हनलं त मानूस चार हात दूर गेल्यावानी वाटते. तुले म्हनलं त इथंच हाये, जवळ." मी ते वसतिगृहभर सांगितलं, चाचांचं अज्ञान म्हणून. सगळ्या हसल्या. जानेफळवाली हसली नाही. ती म्हणाली, "बरोबरच त बोलले." मी तिला दोन दिवस माझं निबंधाचं पुस्तक दिलं नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला तो ताप आला. सगळ्या जगात फिरून आलेला, हाँगकाँगचा फ्लू म्हणत त्याला. चाचांनी विचारलं, "हे हाँगकाँग कोन्या तालुक्यात येते वं?" मी पाव तास भूगोल सांगितला. समुद्र, जहाज, विमान, सगळं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "एवढ्या दुरून आला म्हन्तं, त थकला असन. इथं जास्त जोर नाही करनार."

पण त्याने जोर केला. आधी मुलांचं वसतिगृह आडवं झालं, मग आमच्या रेक्टरबाई, मग स्वयंपाकाच्या काकू. चार दिवसांत बावीसपैकी चौदाजणी अंथरुणाला लागल्या. सहामाही परीक्षा तोंडावर, आणि वर्गात प्राध्यापकच येईनात. घरी जावं तर कॉलेजने कळवलेलं, तापाच्या मुलीला एसटीत बसवू नये, गावोगाव ताप जाईल. ज्यांचे वडील बैलगाडी घेऊन आले त्या चार धडधाकट मुली गेल्या. बाकी आम्ही तिथेच. अंगात उभं राहायचं बळ असलेल्या दोघी-चौघी, त्यात लोणारवाली आणि मी. लोणारवाली खिचडी शिजवी. मी शब्द शिजवी.

त्याचं असं झालं. कॉलेजने गावातल्या एका डॉक्टरांना आम्हाला बघायला सांगितलं होतं. तरुण, पुण्याकडचे, बुलढाण्यात येऊन जेमतेम दोन महिने झालेले. दवाखाना खाली बाजाराजवळ, आमचं वसतिगृह वर चढावर, आणि सगळा गाव तापलेला. त्यांनी निरोप धाडला, रोज सकाळी एक चिठ्ठी पाठवा, कुणाला किती ताप आणि काय होतंय. ताप सगळ्यांनाच आहे, मी सगळ्यांकडे पोचू शकत नाही. पण ज्याला दम लागतो, श्वास पुरत नाही, त्याचं नाव सगळ्यात वर लिहा. त्याच्याकडे मी आधी येईन. रेक्टरबाईंनी पांघरुणातून हात बाहेर काढून माझ्याकडे बोट केलं. "तू लिही. तुझं मराठी शुद्ध आहे."

आजवर मला दोन-तीन मानसन्मान मिळाले आहेत, पण त्या बोटाची सर एकालाही नाही. मी नवी वही काढली. चिठ्ठी आधी वहीत उतरायची, मग कागदावर नकलायची. सकाळी मी खाटांमधून फिरायचे. एक कण्हत म्हणे, "डोक्शात घन घालून राह्यलं कोनी." मी लिही, 'तीव्र शिरोवेदना'. दुसरी म्हणे, "तोंडाले चव नाही, अन्न पाह्यलं की मळमळून येते." 'अरुची'. "हातपाय गळून गेले वं माय." 'अशक्तता'. वऱ्हाडातल्या चौदा पोरींचे ताप मी रोज सकाळी सदाशिव पेठेत नेऊन सोडत होते. डॉक्टरांनी उलट निरोप पाठवला, चिठ्ठी कोण लिहितं? वाचायला फार बरं वाटतं. तो निरोप मी वहीतच ठेवला, पिंपळपान ठेवतात तसा.

चिठ्ठी पोचवायचे चाचा. त्यांना आमची अक्षरं वाचता येत नसत. कागद कोटाच्या खिशात जपून घालत, उतार उतरत, दवाखान्याच्या खिडकीतून कंपाउंडरच्या हातात देत आणि औषधाच्या बाटल्या पिशवीत घालून चढ चढून परत येत. आल्यावर घमेल्यात निखारे, त्यावर कडुनिंबाचा पाला आणि ओवा टाकून धुरी करत. पायरी चढायची नाही, म्हणून ते घमेलं लांब काठीने ढकलून ओट्यावरून आत सरकवत, आणि सरकवतानाही तोंड बाभळीकडे. दोनदा घमेलं कलंडलं, पण मान वळली नाही. मागच्या अंगणातला अडुळसा तोडून त्याचा काढा करत. तो कडू काढा मी खिडकीतून बाहेर ओतते हेही त्यांना ऐकू येई. "पुनेवाली, मातीले खोकला नाही झाला. तूच पी."

तापाच्या सहाव्या की सातव्या दिवशी त्यांनी मला फाटकाशी बोलावलं. "जानेफळवाली कालपासून खोकली नाही."

"बरं वाटत असेल तिला," मी म्हटलं.

"बरं नाही. शहजादी मराच्या आंधी दीड दिवस खोकली नव्हती. खोकालेबी ताकद लागते पोरी. तू काय लिहिलं?"

मी चिठ्ठी वाचून दाखवली. 'खोकला थांबला आहे. प्रकृतीत सुधारणा.' चाचा उठले. चिठ्ठी खिशात घालून गेले आणि त्या दिवशी खिडकीत देऊन परत आलेच नाहीत. दवाखान्याच्या दारात बसून राहिले. कंपाउंडर उठवी, ते पुन्हा बसत. शेवटी डॉक्टर बाहेर आले तेव्हा म्हणाले, "साहेब, मले वाचता येत नाही. पन ही चिठ्ठी चुकीची हाये." हे मला डॉक्टरांनीच नंतर सांगितलं. ते आले, जानेफळवालीच्या पाठीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. तिचं फुप्फुस भरत आलं होतं. पाच दिवस इंजेक्शनं दिली. जानेफळवाली उठून बसली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "म्हातारा हटून बसला नसता, तर मी उद्या आलो असतो, आणि तोवर फार उशीर झाला असता."

आणि मी काय केलं? मी फुगून बसले. जीव वाचला त्याचं सोडून, माझ्या चिठ्ठीला चुकीची म्हणाले याचा राग. चाचांच्या पाठीशी मी दिवसभर बोलले नाही. संध्याकाळी तेच म्हणाले, "पुनेवाली, रागावली का वं? तुह्या अक्षराले नाही म्हनलं म्या. अक्षर त मोत्यावानी हाये म्हन्तात." मग मलाच लाज वाटली. मी म्हटलं, "चाचा, यापुढे तुम्ही सांगाल तसंच लिहीन. शब्द न् शब्द."

"हाव?"

"हाव," मी म्हटलं. पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदा माझ्या तोंडून 'हाव' निघालं असेल. पाठ हसली. पाठ हसते कशी ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगता यायचं नाही. खांदे थोडे वर होतात आणि उसवलेली शिवण रुंदावते.

त्या सगळ्या धामधुमीत चाचा स्वतः खोकत होते हे आम्हाला कळलं नाही. आता नवल वाटतं. बावीस खोकले ओळखणारा माणूस, आणि त्याचा एक खोकला आमच्या बावीसजणींपैकी एकीला ठाऊक नव्हता. ते दस्तीत, म्हणजे हातरुमालात, तोंड खुपसून खोकत. आवाज आला तरी आम्ही म्हणायचो, रस्त्याने कुणी जात असेल.

मग एका सकाळी मी चिठ्ठी घेऊन फाटकाशी गेले आणि चाचा वळलेले दिसले. स्टुलावर आमच्याकडे तोंड करून बसले होते. मी इतकी दचकले की पदर सावरला. चेहरा मी पाहिला तो तेवढाच, आणि त्यातल्याही दोनच गोष्टी लक्षात राहिल्या आहेत. कपाळावर घाम होता, सकाळच्या गारठ्यात. आणि ओठ काळसर निळे दिसत होते. मला वाटलं, थंडीने.

"देऊळगाववाली," ते म्हणाले. 'पुनेवाली' म्हणाले नाहीत. "आज चिठ्ठीत माह्यंबी नाव टाक. जीव घाबरून राह्यला."

मी म्हटलं, "घाबरायचं काय त्यात चाचा? साधा ताप आहे. इतक्या मुली बऱ्या झाल्याच ना?"

ते माझ्याकडे बघत राहिले. काही तरी बोलणार होते. मग त्यांनी हात हलवला, लिही लिही म्हणून. बोलायला श्वास लागतो, आणि तो त्यांना पुरवून वापरायचा होता, हे मला आज कळतं. मी भिंतीला वही टेकवून लिहिलं. त्यांनी सांगितलं तसंच लिहायचं हे वचन मला आठवत होतं, आणि मी ते पाळते आहे असंच मला वाटत होतं. फक्त वाक्य जरा नीट केलं. सगळ्या मुलींच्या खाली, शेवटच्या ओळीत: 'चौकीदार. वय अंदाजे साठ. किंचित ताप. मनात भीती वाटते.'

आणि ती चिठ्ठी मी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी ती नेहमीसारखी खिशात घातली, वरून हाताने दाबली आणि उतार उतरून गेले. त्या दिवशी त्यांनी काय लिहिलं म्हणून विचारलं नाही. मी शब्द दिला होता ना.

परत यायला त्यांना फार वेळ लागला. खिडकीशी गर्दी होती, कंपाउंडरने चिठ्ठी आत नेली आणि बाटल्या बाहेर आणून दिल्या. डॉक्टरांची आणि त्यांची गाठ पडलीच नाही. चाचांच्या नावाची एक ताकदीच्या औषधाची बाटली होती आणि सोबत डॉक्टरांच्या अक्षरात चार शब्द. "काय म्हन्ते साहेब?" चाचांनी विचारलं. मी वाचलं, "'विश्रांती घ्यावी. धीर द्यावा.'"

चाचांनी बाटली उन्हात धरून हलवून पाहिली. "धीर ह्याच्यात हाये का?" म्हणाले. मी हसले. ते पुन्हा रस्त्याकडे वळून बसले. मी ओट्यावरून त्यांच्या पाठीकडे पाहत होते. उसवलेली शिवण भराभर उघडत होती, मिटत होती, उघडत होती. मला वाटलं, सुईदोरा घेऊन ही एकदा शिवून टाकायला हवी. माझ्या डोळ्यांसमोर तो श्वास असा उघडा पडला होता आणि मला त्यात शिवणकाम दिसलं.

दुसऱ्या दिवशी स्टूल रिकामं होतं. चाची, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांना घरी घेऊन गेल्या होत्या. दुपारी मी जानेफळवालीला पेज भरवत होते. ती आता उशीला टेकून बसू लागली होती. चाचांचं आजारपण ऐकून ती माझी वही मागू लागली. मी मोठ्या तोऱ्यात दिली. तिने शेवटची ओळ वाचली.

"चाचाले कायची भीती वाटते?"

"ते म्हणालेच तसं. जीव घाबरून राह्यला म्हणाले."

जानेफळवालीच्या हातातली वही खाली आली. "अवं, जीव घाबरते म्हंजे भेव नाही वाटत! जीव घाबरते म्हंजे दम कोंडते, सास पुरत नाही. माह्या मायची माय मराच्या दिशी हेच म्हनत होती. तू देऊळगावची ना वं? तुले मालूम नाही?"

मला माहीत होतं. हेच सांगायला मी इतकी पानं लिहिते आहे. माझी आई स्वयंपाकघराच्या धुरात हेच म्हणत दाराशी येऊन बसे. माझी आत्या घाट चढताना हेच म्हणे. जन्मापासून सतरा वर्षं मी तो शब्द ऐकला होता. पण लेखणी हातात धरली की मी देऊळगावची राहत नसे.

मी उतार पळत उतरले. खिडकी ओलांडून थेट आत गेले आणि डॉक्टरांना सांगितलं, "चाचांना दम लागतोय. श्वास पुरत नाही." ते तपासत होते तो रोगी सोडून उठले. "कधीपासून?" मी म्हटलं, "कालपासून." "मग कालच्या चिठ्ठीत..." एवढं म्हणून ते थांबले. कालची ओळ त्यांना आठवली असावी. त्यांनी बॅग उचलली. वाटेत आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

चाचांचं घर एका खोलीचं. गोधड्यांच्या ढिगाला टेकवून त्यांना बसतं केलं होतं. तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे. तिथेही पाठच. डॉक्टर आत गेले, इंजेक्शन भरू लागले. मी उंबऱ्यावर उभी राहिले. पळून आल्यामुळे असेल किंवा काय, मला खोकला आला.

भिंतीकडून आवाज आला. एकेक शब्द वेगळा, मध्ये खूप जागा सोडून. "देऊळगाववाली... तुलेबी लागला वं... अडुळसा पी... वतू नको." आणि थोड्या वेळाने, "चिठ्ठीत... आपलंबी नाव... लिहजो."

मला ताप आहे हे मलाच माहीत नव्हतं. डॉक्टरांनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा चाचांकडे वळले. ऊन उतरायच्या आत चाचा गेले. इंजेक्शनाचा काही उपयोग झाला नाही. कालच दिलं असतं तर झाला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. त्यांनीही आपण होऊन सांगितलं नाही. ती आमची दोघांची सोय होती.

त्याच दिवशी मी पडले ती नऊ दिवस उठले नाही. लोणारवालीने अडुळशाचा काढा केला आणि मी तो थेंबभरही न सांडता प्यायले. उठल्यावर पहिल्यांदा चाचींकडे गेले. वही घेऊन गेले होते. काय लिहिलं, काय लिहायला हवं होतं, सगळं सांगितलं. मला वाटत होतं, त्या एक तर मला हाकलून देतील, नाही तर पाठीवरून हात फिरवतील. दोन्हीला मी तयार होते. त्यांनी दोन्ही केलं नाही. वहीतल्या ओळीवरून बोट फिरवलं, वाचता येत नव्हतं तरी, आणि म्हणाल्या, "तुले लिहिता येते म्हनून त त्यायनं तुले सांगतलं होतं, बाई."

त्यानंतर त्या उठून दुसऱ्या कामाला लागल्या. मी थोडा वेळ बसले आणि आले.

आठवड्याभरात नवा चौकीदार आला. कोट कॉलेजचा, त्यामुळे तोच खाकी कोट त्याच्या अंगावर. मधली शिवण कुणीतरी पक्की शिवून दिली होती. तो आमच्याकडे तोंड करून बसे. माणूस चांगला होता, पण त्यानंतर ओले केस सोडून ओट्यावर कुणी बसलं नाही.

मी पुढे शिक्षिका झाले, बत्तीस वर्षं मराठीच शिकवलं. लाल शाईने 'शिरोवेदना' खोडली आणि समासात लिहिलं, 'डोकं दुखतं' लिही. 'मले' खाली मी कधी रेघ ओढली नाही. तपासनीसांनी एकदा विचारलं, तुमच्या वर्गातली मुलं अशी गावंढळ का लिहितात? मी म्हटलं, साहेब, ती जवळ उभी राहून लिहितात. त्यांना ते समजलं नाही. माझी बढती त्या वर्षी राहिली.

परवाच्या महामारीत माझी नात पुण्याला वसतिगृहात अडकली होती. गाड्या बंद, परीक्षा आज होणार की उद्या ते कुणालाच ठाऊक नाही. एका सकाळी तिचा फोन आला. पोर पक्की पुणेरी, माझ्या 'मले'वर नाक मुरडणारी. म्हणाली, "आजी, मला ना, खूप घाबरल्यासारखं होतंय."

पुढचं मी ऐकलंच नाही. "बोलू नको," म्हटलं, "खोकून दाखव." ती म्हणाली, "अगं आजी..." मी ओरडले, "खोक!" तिला फोनवर खोकायला लावलं, तिच्या मैत्रिणींना उठवलं, त्यांच्या रेक्टरला फोन केला, मुलाला, सुनेला, सगळ्यांना कामाला लावलं. तासाभरात पोरीला दवाखान्यात नेऊन तपासून झालं. छाती साफ, श्वास ठीक, ताप नाही. डॉक्टरीणबाई मला फोनवर म्हणाल्या, "आजी, काळजी करू नका. परीक्षेची आणि या सगळ्याची नुसती भीती आहे तिच्या मनात. कागदावर तसंच लिहिते."

मी म्हटलं, "लिहा हो. तसंच लिहा."

मागे नात हसत होती, घरातले सगळे हसत होते, आजीने काय धिंगाणा घातला म्हणून. मीही हसले. मग फोन ठेवला आणि खुर्ची उचलून बाहेर नेली. घराकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून मी बराच वेळ बसले. आतून सुनेने विचारलं, "आई, काय झालं?" मी वळले नाही. समोरच्या रस्त्यालाच म्हटलं, "काही नाही वं. जीव घाबरून राह्यला."

ती धावत आली.